वरच्या रेषेतली मुलगी

डॉक्टरबाई,

परवा रेवाने मला एक वाक्य तपासायला पाठवलं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर जे पान येणार आहे, त्यातलं शेवटचं. ‘त्यांच्या मागे मुलगी आणि जावई असा परिवार आहे.’ कुठल्या तरी मराठी पेपरात बघून तिने ते उतरवलं होतं आणि खाली विचारलं होतं, काकू, बरोबर आहे ना?

बरोबरच होतं. तुमच्या मागे मुलगी एकच आहे. मी ‘हो’ म्हणून उत्तर पाठवलं, फोन पालथा ठेवला आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडायला बसले.

कारण रेवाच्या आधी तुम्हाला एक मुलगी झाली होती, हे या शहरात आता फक्त मला माहीत आहे. “तू सांगू नकोस सुनीता, मी सांगेन,” असं तुम्ही म्हणाला होतात, आणि न सांगता गेलात. अंक पुढच्या आठवड्यात छपाईला जाईल. त्याआधी रेवाला सांगायचं, की ही गोष्ट माझ्याबरोबर संपू द्यायची, हे मला ठरवायचं आहे; आणि ज्यांना विचारून ठरवावं त्या तुम्हीच नाही आहात. तुमचं शिक्षण, पदं, मानसन्मान हे सगळं रेवाने व्यवस्थित लिहिलंय. मी त्यात हात घालत नाही. मला आठवणी लिहायला सांगितल्यात, तर त्या अशा आहेत.

आपली ओळख एका गुडघ्यामुळे झाली. मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, सगळे तुम्हाला डॉक्टरबाई म्हणत होते म्हणून एका बाईंनी साडी जरा वर करून तुम्हाला आपला गुडघा दाखवला. तुम्ही वाकून नीट बघितलात. मग म्हणालात, “मी लोकसंख्येची डॉक्टर आहे हो. एका गुडघ्यातलं मला काही कळत नाही. हजारभर गुडघे आणलेत तर सांगू शकेन.” त्या बाई रागावल्या. मला हसू आवरलं नाही. तुम्ही वळून मला विचारलंत, तू काय करतेस. मी म्हटलं, रॅफल्स प्लेसला बँकेत आहे, दिवसभर आकड्यांचे आलेख काढते. “मग रविवारी सेरंगूनला माझ्या घरी ये,” तुम्ही म्हणालात. ते आमंत्रण नव्हतं, नेमणूक होती.

मग किती वर्षं माझे रविवार तुमच्या जेवणाच्या टेबलावर गेले. माझ्या घरून, यिशुनहून निघायचं, बिशानला गाडी बदलायची, वाटेत तुमच्यासाठी इमारतीखालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी घ्यायची, जी मला कधीही प्यायला जमली नाही. माझा नवरा म्हणायचा, लोक चर्चला जातात तशी तू मृत्यूदराला जातेस.

ज्या छोट्या देशासाठी आपण हे काम करत होतो त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं. छोट्या देशांची नावं वादळ आलं किंवा मुलं मेली तरच छापून येतात, ही तुमची जुनी तक्रार. इथून विमानाने काही तासांवर असलेला तो देश, नुकता कुठे स्वतःच्या पायावर उभा राहत होता. हजार बाळं जन्मली तर त्यातली किती पहिला वाढदिवस बघत नाहीत, एवढाच आकडा आपल्याला हवा होता, वर्षामागून वर्ष. तिथल्या मंत्रालयाकडे तो होता. वर्षानुवर्षं छान उतरत आलेला. मी आलेख काढला आणि म्हटलं, सुंदर रेषा आहे. बँकेत अशी रेषा दिसली तर आम्ही पेढे वाटू.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ती रेषा पाहत राहिलात आणि म्हणालात, “या देशात पहिल्या आठवड्यात बाळं मरतच नाहीत. सगळी मोठी होऊन मरतात. असं कुठे असतं?”

नंतर तुम्ही तिकडे जाऊन आलात तेव्हा कळलं. त्या लोकांत बाळाला पहिल्यांदा घराबाहेर उन्हात नेतात तो एक समारंभ असतो. तोवर ते बाळ म्हणजे पाहुणं. पाहुणा राहिला तर घरचा, आणि परत गेला तर त्याच्याबद्दल बोलायचं नाही. तेव्हा कुणी ‘तुम्हाला मुलं किती’ असं विचारलं की बाया उन्हात नेलेली मुलं सांगत. त्या खोटं बोलत नव्हत्या. प्रश्नाला बरोबर उत्तर देत होत्या. मी म्हटलं, कमाल आहे. तुम्ही म्हणालात, कमाल कसली, आपल्याकडे बारशाआधी गेलेलं मूल कोण सांगतं. मला वाटलं, तुम्ही उदाहरण देताय.

मग तुम्ही नवा प्रश्न घडवायला घेतलात. तुम्ही विचार मराठीत करायचात, म्हणून पहिला मसुदा मराठीत. मग इंग्रजीत, मग तिकडच्या, घरोघरी जाऊन विचारणाऱ्या मुली तो त्यांच्या भाषेत नेणार. प्रश्न वाचून चालत नाही, कानाला ऐकून बघावा लागतो, असं म्हणून तुम्ही मला समोर बसवलंत. मी प्रश्न विचारणारी मुलगी, तुम्ही त्या देशातली बाई. नियम तुम्हीच शिकवले होतेत. घाई करायची नाही. पहिलं ‘नाही’ आलं की लगेच पुढे जायचं नाही. ‘हो’ आलं तर सांत्वन करायचं नाही, पाठीवर हात ठेवायचा नाही. शांतपणे पुढचा प्रश्न विचारायचा, कारण तुम्ही थांबलात तर ती बाईही थांबते.

रविवारची दुपार होती. रेवा बाहेर गेली होती. मी विचारलं, तुम्हाला मुलं किती. एक, तुम्ही म्हणालात. दुसरीकडे राहणारी कुणी? नाही. मग नवा प्रश्न.

“जन्मल्यावर रडलं, हललं, श्वास घेतला, पण पुढे राहिलं नाही, असं एखादं बाळ झालं होतं का?”

तुम्ही खिडकीकडे बघत होतात. मला वाटलं, वाक्य कानाने तपासताय.

“हो,” तुम्ही म्हणालात. “एक.”

ते नाटक नव्हतं, हे मला तुमच्या आवाजावरून कळलं. आणि मला दुसरं काही सुचेना, म्हणून तुम्ही शिकवलं होतं तेच मी केलं. पुढचा प्रश्न विचारला. मुलगा की मुलगी? मुलगी. किती दिवसांची होती?

“बारसं व्हायचं होतं.”

“दिवस सांगा,” मी म्हटलं.

तुम्ही सांगितलेत. मग चष्मा पुसलात आणि नेहमीच्या आवाजात म्हणालात, “बरोबर विचारलंस. ‘बारसं व्हायचं होतं’ हे उत्तर नाही. दिवस हवेत. आणि ते ‘पुढे राहिलं नाही’ काढून टाक. ‘गेलं’ कर. ‘राहिलं नाही’ म्हटलं की वाटतं, आपण ठेवून घेतलं नाही.”

मी ‘गेलं’ केलं.

संध्याकाळी मला सोडायला तुम्ही स्टेशनपर्यंत आलात. एरवी यायचा नाहीत. मॉलच्या गर्दीतून चालता चालता, समोर बघत, तुम्ही सगळं सांगितलंत. पुण्याचं एक नर्सिंग होम. अनंतरावांनी, रेवाच्या बाबांनी, बाळाला स्वतः नेलं. परत आले तेव्हा बाहेरच्या नळावर हातपाय धुतले, आत आले आणि जेवायला बसले. कुठे ठेवलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत. सासूबाई म्हणाल्या, नाव ठेवलं नव्हतं, बरं झालं, नाव ठेवलं की जड जातं. त्या वाईट नव्हत्या, तुम्ही मुद्दाम म्हणालात. त्यांचंही एक तसंच गेलं होतं, हे तुम्हाला त्या वारल्यावर त्यांच्या बहिणीकडून कळलं. मग बऱ्याच वर्षांनी रेवा. रेवाच्या बारशाला घरात सगळे म्हणत होते, पहिली बेटी. तुम्हीही मान डोलावलीत. पुढे अनंतरावही गेले आणि विचारायला कुणी उरलं नाही.

माझी गाडी येत होती. तुम्ही म्हणालात, “तू दुपारी पुढचा प्रश्न विचारलास ते बरं केलंस. ‘अरेरे’ म्हणाली असतीस तर मी तुला परत बोलावलं नसतं.”

मी गाडीत बसले आणि यिशुन येईपर्यंत मला एवढंच सुचत होतं, की उद्याच्या डब्याला भेंडी आहे का घरात. धक्का बसला की माझं असंच होतं. तुम्ही माझ्यासारख्याच होतात, म्हणून आपलं जमलं.

नव्या प्रश्नाचे आकडे आले आणि आपलं पहिलं मोठं भांडण झालं. रेषा वर गेली. तशी ती जाणारच होती. तिथल्या मंत्रालयातले एक गृहस्थ विमान बदलायला इथे उतरले तेव्हा आपण त्यांना विमानतळावर भेटलो. सभ्य माणूस. तुमच्यासाठी त्यांच्याकडची कॉफीची पूड घेऊन आला होता. त्याने फार अजिजीने विचारलं, हा एक प्रश्न पुढच्या वेळी गाळता येईल का. मुलं आता कमी मरतात असं त्यांच्या सरकारने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

“कमीच मरताहेत,” तुम्ही म्हणालात, आणि मला आलेख काढायला लावलात. बायांनी आपली सगळीच बाळंतपणं सांगितली होती, जुन्या वर्षांचीसुद्धा. त्यामुळे मागचे आकडेही नव्याने काढता आले होते. नवी रेषा जुन्या रेषेच्या बरीच वर होती, पण तीही उतरतच होती. मुलं आता जास्त जगत होती. आधी किती गेली, ते आता कळत होतं. त्या गृहस्थाला हायसं वाटलं. मग तो म्हणाला, तर मग खालची रेषा पुसून टाका, नाहीतर आम्ही इतकी वर्षं खोटं बोललो असं दिसेल.

“खोटं नाही,” तुम्ही म्हणालात. “विचारलं नव्हतं.”

भांडण नंतर झालं, तुमच्यात आणि माझ्यात. माझं म्हणणं त्याच्यासारखंच होतं, कारण वेगळं. एका आलेखात एक गोष्ट सांगावी. दोन रेषा दिसल्या की साहेब लोक सोयीची बघतात. खालची काढा. तुम्ही म्हणालात, खालची काढली तर वरची नुसती रेषा होते. दोन्ही ठेवल्या तर त्यांच्या मधे जागा दिसते, आणि ती जागा म्हणजे मुलं आहेत. मी म्हटलं, हे भाषणात चांगलं वाटतं, अहवालात गचाळ दिसतं. तुम्ही म्हणालात, दिसू दे. आपण तीन रविवार एकमेकींशी कामापुरतं बोललो. अहवाल दोन्ही रेषांनिशी छापला गेला. डॉक्टरबाई, तो आलेख मला अजूनही गचाळ वाटतो. तुम्ही गेलात म्हणून मी माझं मत बदललेलं नाही.

पण नंतर बँकेत कुठलीही गुळगुळीत रेषा समोर आली की माझा हात थांबायला लागला. काय विचारलं नव्हतं, असं मी विचारते. तिथल्या पोरांनी मला त्यावरून नाव ठेवलंय, ते मला माहीत आहे असं त्यांना वाटत नाही. हे तुमच्यामुळे. हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, बरं, पुढे.

तुमच्या शेवटच्या महिन्यात मी हॉस्पिटलमध्ये यायचे तेव्हा एकदा न राहवून म्हटलं, त्या देशातल्या हजारो बायकांना तुम्ही बोलतं केलंत आणि स्वतःच्या पोरीला सांगत नाही, हे काय आहे? तुम्ही रागावला नाहीत. तेव्हाच म्हणालात, तू सांगू नकोस, मी सांगेन, मला वाक्य सापडू दे. मी म्हटलं, त्यात सापडायचंय काय, मी लिहून देते. ‘रेवा, तुझ्याआधी मला एक मुलगी झाली होती.’ सहावीतली पोरं यापेक्षा अवघड वाक्यं लिहितात.

“हे माझ्याबद्दलचं वाक्य झालं,” तुम्ही म्हणालात. “मला तिच्याबद्दलचं हवंय.”

मला ते कळलं नाही. मी उशी सरळ केली आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. पुढच्या वेळी आले तेव्हा तुम्ही बोलण्यापलीकडे गेला होतात. रेवा तुमचा हात धरून बसली होती.

मंडाईच्या स्मशानात मी रडले नाही. कोण कुठल्या टॅक्सीने येणार, जेवण किती जणांचं सांगायचं, गुरुजींना कोण सोडणार, ही कामं होती. त्यानंतरच्या रविवारी मात्र मी सवयीने निघाले, बिशानला गाडी बदलली आणि सेरंगूनला उतरल्यावर लक्षात आलं. आलेच आहे तर म्हणून मॉलमध्ये भाजी घेतली. पालक घेताना रडू आलं. माझ्या शेजारी एक चिनी आजी होत्या, त्यांनी मला त्यांच्या हातातली जास्त चांगली जुडी दिली. पालक वाईट निघाला म्हणून मी रडतेय असं त्यांना वाटलं असावं.

इथपर्यंत लिहिलं आणि मग कळलं की माझं ठरलंय. असं लिहून ठेवून पोरीला अंकातून कळू देणं बरं नव्हतं, आणि फाडून टाकायला माझा हात धजत नव्हता. काल संध्याकाळी मी कागद घेऊन रेवाकडे गेले.

तिला मराठी वाचायला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी मोठ्याने वाचलं. तुमचा जावई, निखिल, आत भांडी घासत होता. तुम्ही ‘हो, एक’ म्हणालात तिथे ती माझ्याकडे बघायला लागली. मी थांबले नाही. शेवटपर्यंत वाचलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

ती रडली नाही. आधी माहिती विचारली, तुमचीच मुलगी. नर्सिंग होम कुठलं? मला माहीत नाही. बाबांनी कुठे नेलं? तेही माहीत नाही. मला कधीपासून माहीत आहे? तेवढं सांगता आलं. मग तिने विचारलं, “आईने तुला सांगितलं आणि मला नाही?”

“मी तिला विचारलं होतं,” मी म्हटलं. “तेही चुकून.”

तिने कागद स्वतःकडे ओढले. मला वाटलं, चुकलंच आपलं. आणि मग ती एकदम हसायला लागली.

“काकू, माझ्या लग्नाची ती गुरुजींची स्टोरी तुला माहितीये ना?”

मला माहीत नव्हती. मुहूर्त काढला तेव्हा मी माझ्या बाबांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला होते. ती सांगायला लागली, तिच्या त्या इथलं इंग्रजी मिसळलेल्या मराठीत. जूनमध्ये शाळांना सुट्टी म्हणून सगळ्यांना जून सोयीचा, आणि हॉलही तेव्हाच रिकामा. निखिलच्या आईला मुहूर्त हवा होता, म्हणून पुण्याच्या गुरुजींना स्काइपवर धरलं. त्यांनी पंचांग बघून सांगितलं, हा ज्येष्ठ महिना, पहिलं अपत्य असेल तर या महिन्यात लग्न करत नाहीत. मुलगी पहिलीच ना?

“आणि आई स्क्रीनकडे बघून म्हणाली, ‘नाही. ही पहिली नाही. काढा तुम्ही मुहूर्त.’ एकदम सीरियस फेस. गुरुजी ओके म्हणाले. निखिलच्या आईला माहीत होतं मी ओन्ली चाइल्ड, पण तिलाही हॉल हवा होता, सो शी कीप क्वाएट लाह. मला वाटलं, आईने ब्लफ केलं. लाइफमध्ये फर्स्ट टाइम. एक आकडा कधी इकडचा तिकडे केला नाही तिने, आणि माझ्यासाठी गुरुजींना ब्लफ केलं. मी सगळ्यांना सांगते ती स्टोरी. ऑफिसमध्ये पण.”

डॉक्टरबाई, तुमचा पंचांगावर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हाला कुणीतरी सरळ प्रश्न विचारला, आणि तुम्ही सरळ उत्तर दिलंत.

“म्हणजे तिने ब्लफ नव्हतं केलं,” रेवा म्हणाली.

“नाही.”

ती कागदांकडे बघत राहिली. हे छापू का, असं मी विचारलं. छाप, म्हणाली, पण तिचं ते परिवाराचं शेवटचं वाक्य तिला परत पाठव, ते ती पुन्हा लिहील. मग तिने आत हाक मारली.

“निखिल, इकडे ये. ती गुरुजींची स्टोरी मी तुला राँग सांगितली होती.”

तो ओल्या हातांनी बाहेर आला. तिने त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं, मराठीत, अडखळत.

“आम्ही दोघी बहिणी,” ती म्हणाली.